सुट्टीत घरात कादंबरी हवी

आश्विन पौर्णिमा झाली की वर्षावास संपतो. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाललेले असते. ठाण्यात, कल्याण पूर्वेला, डोंबिवलीत, उल्हासनगर-अंबरनाथला, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून बायका जमतात. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. समारोप होतो, खीरदान होते, ग्रंथ स्वच्छ वस्त्रात गुंडाळून कपाटात जातो. पुढे थोड्याच दिवसांत मुलांची सहामाही परीक्षा आटोपते आणि शाळेला सुट्टी लागते. त्या वेळी दर वर्षी माझ्यासमोर एकच प्रश्न उभा राहतो. तीन महिने रोज वाचन ऐकलेल्या घरात आता सुट्टीत काय वाचले जाणार?

दिवाळी आपल्यातली बरीच घरे सण म्हणून करीत नाहीत. काही करतात, काही फक्त मुलांसाठी गोडधोड करतात. ज्याच्या त्याच्या घरचा तो प्रश्न आहे. पण सुट्टी मात्र सर्वांनाच येते. कारखान्याचा बोनस येतो, पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा कृतज्ञतेचा दिवस असतो. घरची सगळी माणसे एकत्र जेवतात आणि पुढचे तीन-चार दिवस बरेचजण जाडजूड रहस्यकादंबऱ्या घेऊन बसतात. पण तिथल्या मूळ रहिवासी इंडियन लोकांपैकी अनेकजण हा सण साजरा करीत नाहीत. १९७० पासून ते त्या दिवशी प्लिमथ या गावी जमून शोकदिन पाळतात. हे ऐकून मला नवल वाटले नाही. एका घरचा सण तो दुसऱ्या घरच्या आठवणीतला सल, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मात्र सणाबद्दल मत काहीही असो, सुट्टी ही श्रमणाऱ्या माणसाने मिळवलेली असते. ती कशी घालवायची हे आपणच ठरवायला हवे.

माझे मत स्पष्ट आहे. या दिवसांत आपल्या घरात निदान एक कादंबरी आणि एक रहस्यकथा आली पाहिजे.

हे वाचून काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. आमच्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते नेहमी म्हणत, "बाई, आपल्या पोरांना संविधान वाचायला सांगा, बाबासाहेबांचे खंड वाचायला सांगा. खुनाच्या गोष्टी वाचून कोणाचे भले झाले?" त्यांचा मान राखून मी त्यांना सांगत असे, "काका, खंड वाचायचेच आहेत. पण खंडापर्यंत पोहोचायला पोराला आधी पान उलटायची सवय लागली पाहिजे. ती सवय कोण लावणार?"

आमच्या घरात ती सवय रहस्यकथेने लावली. माझे वडील कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी होते. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. शेडमध्ये रात्रपाळीला काम कमी असले की कोणीतरी एक पॉकेटबुक काढायचा आणि ते हातोहात फिरायचे. मुखपृष्ठावर पिस्तूल, एक घाबरलेली बाई आणि काळी टोपी घातलेला माणूस. बाबुराव अर्नाळकरांच्या त्या रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही नावे आमच्या चाळीत नातेवाइकांसारखी घेतली जात. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते गेले, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातली बातमी दोनदा वाचून काढली आणि तो कागद घडी घालून ठेवला.

वडील अक्षराला अक्षर लावून वाचायचे. पहिल्या पुस्तकाला त्यांना पंधरा दिवस लागले म्हणे. दहाव्या पुस्तकाला दोन रात्री पुरल्या. यात जादू काही नाही. खून कोणी केला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून माणूस अडखळत का होईना पुढचे पान वाचतो. पाठ्यपुस्तकात ही ओढ नसते. साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकलेली किती तरी माणसे पुढे वाचायला काही नसल्यामुळे ती अक्षरे विसरून जातात. रहस्यकथा ती विसरू देत नाही.

त्या काळी स्टेशनबाहेर लाकडी टपरीत भाड्याने पुस्तके देणारे असत. दिवसाला दहा पैसे भाडे, पुस्तक उशिरा परत केले तर आणखी दहा. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला की त्याला नंबर लावावा लागे. मूळचे गोव्याचे असलेले हे लेखकही हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून २०२१ साली गेले. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोझ इराणी हे नायक कॉलेजच्या पोरांचे आवडते. नारायण धारपांच्या भयकथा वाचून माझा धाकटा भाऊ रात्री मोरीत जायला घाबरायचा आणि सकाळी उठून पुन्हा तेच पुस्तक मागायचा.

या सगळ्यांत सर्वांत जास्त वाचायची ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. घरात पाच भावंडे, आई आजारी, म्हणून सातवीनंतर तिची शाळा सुटली. शाळा सुटली पण पुस्तक सुटले नाही. वडिलांनी आणलेले पुस्तक परत करण्याआधी ती स्टोव्हपाशी बसून वाचून काढायची. भाकरी करपली तर आई ओरडायची, पण वडील कधी ओरडले नाहीत. दुपारी चाळीतल्या बायका पापड लाटायला जमल्या की आक्का त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. रहस्याच्या ऐन ठिकाणी ती थांबायची आणि विचारायची, "आता सांगा, तिजोरीची किल्ली कोणाकडे असेल?" बायका हातातले लाटणे थांबवून वाद घालायच्या. कोणी नोकरावर संशय घ्यायची, कोणी पुतण्यावर. आक्का म्हणायची, "नुसता संशय नको, पुरावा सांगा."

हा पुरावा पुढे तिच्या फार कामी आला. दाजी एका कार्यालयात चतुर्थ श्रेणीत होते. १९९४ साली ते अचानक गेले. आक्काच्या पदरात दोन मुले. दिवसकार्य आटोपल्यावर कार्यालयातून कागद आला. त्यात मिळणाऱ्या रकमेचा हिशेब होता, आणि शेवटी सही करून कागद परत पाठवावा असे लिहिले होते. घरातल्या पुरुष मंडळींनी सांगितले, सही करून टाक, सरकारी कागद आहे, बरोबरच असणार. आक्काने सही केली नाही. तिने तो कागद तीन दिवस जवळ ठेवला. त्यात दाजींच्या नोकरीचा आरंभ १९७९ चा दाखवला होता. तिचे लग्न १९७६ चे. लग्नाच्या वेळी नवरा मुलगा नोकरीला आहे म्हणून तर स्थळ पसंत केले होते!

मग तिने ट्रंक उपसली. पत्र्याच्या त्या ट्रंकेत दाजींनी सगळे कागद जपून ठेवले होते, मात्र त्यांना तारखांची संगती नव्हती. आक्काने एकेक कागद जमिनीवर तारखेप्रमाणे मांडला. पतपेढीच्या पासबुकात १९७४ पासून दर महिन्याची कपात दिसत होती. १९७५ ची एक पगारपावती सापडली. नेमणुकीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा दाखला सापडला, त्यावरही १९७४ चीच तारीख. नोकरीची पाच वर्षे कागदावरून गायब झाली होती. वर्षे कमी म्हणजे ग्रॅच्युइटी कमी. तिने सगळ्या कागदांच्या नकला काढल्या, एका साध्या वहीच्या पानावर क्रमवार अर्ज लिहिला आणि स्वतः घेऊन गेली. हेलपाटे पुष्कळ घालावे लागले. एका बाबूने विचारले, "बाई, हे तुम्हाला कोणी वकिलाने लिहून दिले का?" ती म्हणाली, "नाही, मीच लिहिले." सात महिन्यांनी नोंद दुरुस्त झाली आणि राहिलेली रक्कम मिळाली. त्या पैशांत थोरल्या मुलाचा आय.टी.आय. झाला.

मी तिला विचारले होते, तुला हे सुचले कसे? ती म्हणाली, "अगं, सोपे होते. दोन कागद वेगवेगळे बोलत असतील तर तिसरा कागद शोधायचा. धनंजय हेच करायचा."

रहस्यकथेने माणूस बिघडतो की घडतो यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आक्काचे उदाहरण समोर ठेवावे. चांगली रहस्यकथा एवढेच शिकवते की कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असते, ते शोधा. तथागतांनी कालामांना याहून वेगळे काय सांगितले होते? तुलना मोठी आहे, पण मुलांना समजावून सांगताना मला ती नेहमी उपयोगी पडते. भुताने खून केला असे वाटत असताना शेवटी तो माणसानेच केला होता हे ज्या गोष्टीत सिद्ध होते, ती गोष्ट अंगात येणे, करणी आणि बुवाबाजी यांच्याविरुद्ध एक छोटे भाषणच असते. इंग्लंडात १८८७ साली शेरलॉक होम्सची पहिली कथा छापली गेली. तेव्हापासून तो हेच करीत आला आहे. भालबा केळकरांनी त्या कथा मराठीत आणल्या आहेत. आठवी-नववीतल्या मुलामुलींना त्या जरूर द्याव्यात.

मात्र या पुस्तकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या आवडत्या रहस्यकथांत आम्ही कुठे होतो? गुप्तहेर बंगल्यात राहणारा, त्याची मोटार, त्याचा टेलिफोन. मेलेला माणूस शेठ किंवा रावबहादूर. आणि आमच्यासारखी माणसे? कुठे दार उघडणारा गडी, कुठे झाडलोट करणारी बाई, नाहीतर झोपडपट्टीतला दाढीवाला गुंड. त्या गड्याला आडनाव नसायचे, घर नसायचे, त्याची बायकामुले काय करतात हे कोणी विचारायचे नाही. लहानपणी हे लक्षात आले नाही. मोठेपणी वाचताना ते टोचू लागले. ते टोचू लागले म्हणूनच पुढची पुस्तके शोधावीशी वाटली.

त्या शोधात मला अण्णा भाऊ साठे भेटले. वाटेगावचा, जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेला हा माणूस मुंबईला आला, गिरणीत राबला, झोपडपट्टीत राहिला आणि त्याने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ सालची. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. मोठा साहित्यिक ग्रंथ म्हणून ती भीतभीत उघडू नका. ती एक थरारक कादंबरी आहे. दुष्काळ, उपाशी माणसे, इंग्रजांचा खजिना, घोड्यावरचा पाठलाग, पकडले जाण्याची भीती, सगळे आहे त्यात. फरक एवढाच की इथे घोड्यावर बसलेला नायक आपल्यातला आहे आणि तो लुटतो ते उपाशी वस्तीच्या तोंडात घास पडावा म्हणून. आमच्या वडिलांना मी 'फकिरा' आणून दिली तेव्हा झुंजार वाचणारा तो माणूस दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "ही गोष्ट मला आधी कोणी का दिली नाही?"

दुसरे नाव बाबुराव बागुलांचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली निघाला. त्यातल्या त्याच नावाच्या कथेला कोणी रहस्यकथा म्हणणार नाही. मला मात्र ती मराठीतली सर्वांत भयंकर रहस्यकथा वाटते. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला एक तरुण भाड्याच्या खोलीसाठी आपली जात लपवतो. खून नाही, चोरी नाही, तरी प्रत्येक पानाला छातीत धडधड होते. आता कळेल, मग कळेल. आणि अखेर कळते, तेव्हा मार बसतो. इतर रहस्यकथांत गुन्हेगार आपले गुपित लपवतो. इथे ज्याने काहीच केलेले नाही त्याला गुपित बाळगावे लागते, आणि तपास करणारे सगळे गाव गुन्हेगार असते.

ही कथा मला का भिडली हे सांगते. १९८६ साली आमचे लग्न झाले आणि आम्ही डोंबिवलीत खोली शोधू लागलो. आमचे आडनाव असे की त्यावरून काही कळत नाही. एका घरमालकांनी खोली दाखवली, डिपॉझिट ठरले, बाईंनी चहा दिला. मग मालकांनी विचारले, गाव कुठले? ह्यांनी सांगितले. मग विचारले, कुलदैवत कोणते? ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आम्ही बौद्ध आहोत." चहाचे कप तसेच राहिले. खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे हे त्यांना एकाएकी आठवले. परतताना गाडीत आम्ही दोघे काही बोललो नाही. कल्याणला उतरल्यावर हे म्हणाले, "खोटे बोललो असतो तर खोली मिळाली असती." मी म्हटले, "आणि मग रोज रात्री बागुलांच्या कथेतल्यासारखे जागे राहिलो असतो." आम्ही कल्याण पूर्वेला खोली घेतली, दारावर पाटी लावली आणि आत बाबासाहेबांचा फोटो लावला. त्या रात्री शांत झोप लागली.

बाबासाहेबांनाही यातून जावे लागले होते. बडोद्याच्या नोकरीवर गेल्यावर राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि शेवटी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून घालवले. १९०१ साली लहानपणी भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरल्यावर बैलगाडीवाला मिळेना, ती हकीगतही त्यांनीच लिहून ठेवली आहे. इंग्रजीत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते छोटे पुस्तक प्रसिद्ध आहे, मराठीतही त्याचे अनुवाद मिळतात. ती कादंबरी नव्हे, घडलेले सत्य आहे. पण सुट्टीत रात्री मुलांना जवळ घेऊन मसूरची हकीगत वाचून दाखवा. ती रात्रीची गाडीवाट, पाणी न मिळालेली ती मुले, पुढे काय होणार ही धास्ती. मुले हलणार नाहीत.

आता वाचायचे काय आणि मिळवायचे कसे, हे थोडक्यात सांगते.

लहान मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत बन्या सायकलवरून चोरांच्या मागे लागतो. मुलींनाही तो तेवढाच आवडतो. मोठ्या मुलांसाठी होम्स आणि अर्नाळकर. कॉलेजात जाणाऱ्यांसाठी शिरवळकरांची 'दुनियादारी'. २०१३ साली तिच्यावर सिनेमा निघाला म्हणून पोरे ती आपण होऊन उचलतात. भय आवडणाऱ्यांना धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. घरातल्या बायकांनी ऊर्मिला पवारांचे कथासंग्रह वाचावेत, 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत'. त्यांत आपल्याच घरातल्या गोष्टी आहेत. ज्यांना जाडजूड कादंबरी पेलवते त्यांनी शरणकुमार लिंबाळे यांची 'सनातन' घ्यावी. तिला २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला आहे. आणि 'फकिरा' सर्वांसाठी.

विकत घ्यायला पैसे नाहीत ही अडचण खरी आहे. पण आपल्या भागात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. कल्याणात रेल्वे आली १८५४ साली, म्हणजे रेल्वे आल्यावर दहा वर्षांत कल्याणला वाचनालय झाले. तेव्हा आपल्या पणजोबांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला, सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात म्हणून. तो अमलात यावा म्हणून १९२७ साली महाडला जावे लागले. आज ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊन कार्ड काढायला तुम्हाला कोणी अडवत नाही. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क आपण नुसत्या आळसाने वापरीत नसू, तर ते बरे नव्हे. सुट्टी लागण्याच्या आदल्या आठवड्यात मुलांना बरोबर घेऊन जा आणि कार्ड मुलांच्या हातात द्या.

दिवाळी अंकांचेही असेच. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केली. आज शेकडो अंक निघतात, पण एकेका अंकाची किंमत मजुराच्या घराला परवडत नाही. पुष्कळ ग्रंथालयांत ठरावीक वर्गणी भरली की दोन-तीन महिने आळीपाळीने अंक वाचायला मिळतात. आमच्या चाळीत आम्ही आणखी सोपी युक्ती काढली. आठ घरांनी प्रत्येकी एक अंक घ्यायचा, दर चार दिवसांनी शेजारच्या घरी द्यायचा. महिन्याभरात आठ अंक वाचून होतात. तेल-हळदीचे डाग पडतात, कोडी कोणीतरी आधीच सोडवलेली असतात, त्यावरून थोडी भांडणेही होतात. तरी ही पद्धत कित्येक वर्षे टिकली.

वेळ नाही, ही दुसरी तक्रार. कल्याणहून मुंबईला जलद गाडीने जायला तास लागतो, यायला तास. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, भजने होतात, वाढदिवस होतात. त्यात चौथ्या सीटवर अर्धी बसलेली एखादी बाई पुस्तक वाचत असते. तिला मी नेहमी न्याहाळते. रोजची वीस पाने धरली तर पंधरा दिवसांत एक कादंबरी होते. आता सर्वांच्या हातात मोबाईल आहे. त्यावरही पुस्तके वाचता येतात, कथा ऐकता येतात. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी ही सोय चांगली. पण मुलाच्या हाती मोबाईल दिला आणि कथा ऐक म्हणून सांगितले, तर तो कथाच ऐकेल याची खात्री कोणती आई देईल? म्हणून निदान सुट्टीत तरी कागदाचे पुस्तक बरे.

एक सूचना आहे. वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या आपल्या भगिनींचा आवाज आता चांगला तयार झालेला असतो. त्यांनी सुट्टीत आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या मुलांना कथा वाचून दाखवावी. विहारात जमत नसेल तर कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या ओट्यावर. एका बैठकीत गोष्ट संपवू नये. उत्सुकतेच्या ठिकाणी थांबावे आणि मुलांना विचारावे, आता सांगा, पुरावा काय? पुढच्या आठवड्यात दुप्पट मुले येतील.

२०१० सालच्या डिसेंबरात ठाण्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते उत्तम कांबळे. पोरवयात वर्तमानपत्रे विकलेला आपल्यातला हा माणूस पुढे संपादक झाला आणि त्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला. आक्का त्या दिवशी ग्रंथप्रदर्शनाला गेली होती. तिने नातवासाठी दोन पुस्तके आणली, एक अण्णा भाऊंचे आणि एक रहस्यकथांचे. आता तिचे वय सत्तरीच्या आसपास आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना तिने पहिला प्रश्न विचारला, "वाचायला कधीपासून परवानगी?"

सहा डिसेंबरला आपण सारे चैत्यभूमीवर अभिवादनाला जाऊ. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतील, लोक रांगा लावून पुस्तके घेतील. देशातल्या दुसऱ्या कुठल्या महापुरुषाच्या स्मृतिदिनी एवढी पुस्तके विकली जात असतील असे मला वाटत नाही. बाबासाहेबांचे ग्रंथ घ्याच. त्याबरोबर पिशवीत मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तकही टाका. येताना गाडीत त्याची पहिली दहा पाने त्यांना वाचू द्या, आणि कल्याण आले की पुस्तक मिटायला सांगा. उरलेले पुस्तक घरी गेल्यावर ती तुम्हाला मागितल्याशिवाय राहणार नाहीत.